काळ्या जमिनीतील घर : पाया घालण्यापूर्वी व घर विकत घेण्यापूर्वी

आपल्याकडे गावच्या जमिनीला पूर्वापार दोन नावे आहेत. एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची, गावठाणाची जमीन. पेरणी काळीत आणि घर पांढरीवर, अशी ही वाटणी होती. आता कुटुंबे वाढली, गावठाणात जागा उरली नाही, शेतात वीज व पाणी आले. त्यामुळे अनेक शेतकरी मळ्यात घर बांधू लागले आहेत. तालुक्याच्या गावी मुलांच्या शिक्षणासाठी जो प्लॉट किंवा तयार घर आपण घेतो, तेही पुष्कळदा काल-परवापर्यंत ज्वारी-कापसाचे शेत असलेल्या जागेवर उभे असते. म्हणजे घर पांढरीवरून काळीत आले. परंतु घर बांधण्याची रीत मात्र पांढरीवरचीच राहिली.

याचा परिणाम दोन-तीन वर्षांत दिसू लागतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा जातो. दाराची चौकट वाकडी होते. मधल्या खोलीतील फरशी उचलली जाते. मग गवंड्याला दोष दिला जातो, सिमेंट कमी घातले असे म्हटले जाते. काही वेळा ते खरेही असते. पण काळ्या जमिनीत उत्तम सिमेंट वापरलेले घरही तडकते, कारण दोष भिंतीत नसून भिंतीखालच्या मातीत असतो. आयुष्यभराची बचत किंवा बँकेचे कर्ज ज्या घरात घालायचे, त्या घराखालची माती आधी पाहावी, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. यात शेतकऱ्याला एक फायदा आहे. ही माती कशी वागते हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही, कारण तो तिला दर उन्हाळ्यात आणि दर पावसाळ्यात पाहत आला आहे.

काळी माती अशी का वागते?

आपली काळी माती बेसाल्ट म्हणजे काळ्या पाषाणापासून तयार झाली आहे. पूर्णेचे खोरे, तापीचे खोरे, मराठवाड्यातील गोदावरीकाठ, सोलापूरकडील भाग अशा ठिकाणी तिचे थर खोल आढळतात. या मातीत चिकणमातीचे प्रमाण जास्त असून त्यात माँटमोरिलोनाईट या खनिजाचा मोठा वाटा असतो. या खनिजाचे कण वहीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात. पाणी मिळाले की ते या पानांमध्ये शिरते व माती फुगते. पाणी निघून गेले की पाने जवळ येतात व माती आकसते. मे महिन्यात शेतात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या पावसानंतर त्या बुजतात, त्याचे कारण हेच आहे.

पिकाला ही हालचाल उपकारक ठरते, कारण जमीन आपोआप मोकळी होते. भिंतीला मात्र ती मारक ठरते. ही हालचाल केवळ वरच्या थरात नसते. आपल्या हवामानात खोल काळ्या जमिनीत सुमारे ३.५ मीटर खोलीपर्यंत ऋतूप्रमाणे ओलावा कमी-जास्त होतो असे धरून पाया आखण्याची पद्धत आहे. दोन-अडीच फूट खोल घेतलेला पाया या हलत्या थरातच बसलेला असतो.

घराला इजा कशी होते?

सर्व घर सारखेच वर गेले आणि सारखेच खाली आले असते, तर फारसे बिघडले नसते. इजा होते ती असमान हालचालीमुळे. समजा, एका शेतकऱ्याने मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीत दोन फूट पाया घेऊन चार खोल्यांचे घर बांधले. पुढच्या वर्षी पूर्वेकडच्या भिंतीपासून दहा फुटांवर ऊस लावला व पाटाने पाणी दिले. पश्चिमेकडे जुना मोठा कडुनिंब आहे. आता पूर्वेकडची माती बारमाही ओली राहून फुगली आणि पश्चिमेकडची माती झाडाने पाणी ओढल्यामुळे आकसली. घराची एक बाजू वर उचलली गेली, दुसरी खाली बसली. विटेची भिंत दाब सहन करते, पण वाकणे किंवा ताण सहन करीत नाही. ती सर्वांत कमजोर जागी, म्हणजे दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांत फाटते.

दुसरा प्रकार असा की, घर उभे राहिल्यावर त्याखालच्या मातीला ऊन लागत नाही. खालून वर येणारा ओलावा उडून जात नाही. त्यामुळे काही वर्षांत घराच्या मध्यभागाखालची माती ओली होऊन फुगते, तर कडेची माती दर उन्हाळ्यात सुकते व दर पावसाळ्यात फुगते. मधल्या खोलीतील फरशी उचलली जाण्याचे हे एक कारण आहे.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. फुगणाऱ्या काळ्या मातीचा वर ढकलण्याचा दाब एका चौरस मीटरला काही टनांपासून वीस-पंचवीस टनांपर्यंत असू शकतो. एकमजली हलक्या घराचे वजन या दाबापुढे अपुरे पडते. म्हणून शहरातील उंच इमारतीपेक्षा मळ्यातील एकमजली घरालाच हा त्रास अधिक होतो. "घर लहान आहे, त्याला कशाला एवढा पाया" हा विचार काळ्या जमिनीत उलटा ठरतो.

जागा निवडताना

१) शेतातील सर्वांत चांगली काळी जमीन पिकाला ठेवावी. माळाची, बरड, मुरमाड जागा पिकाला हलकी असते, पण घराला उत्तम असते. शेतात अशी पट्टी असल्यास रस्त्यापासून थोडी दूर असली तरी घर तेथेच बांधावे.

२) ओढ्याकाठची, पावसाळ्यात पाणी साचणारी, कालव्याच्या पाझराखाली येणारी जागा टाळावी. जुनी विहीर किंवा खड्डा बुजवून सपाट केलेल्या जागेवर घर घेऊ नये.

३) जवळच्या विहिरीचे किंवा शेततळ्याचे काठ पाहावेत. काळी माती कोठे संपते आणि मुरूम कोठे लागतो हे तेथे स्पष्ट दिसते. तरीही घराच्या जागेवर किमान दोन ठिकाणी चाचणी खड्डे घ्यावेत, कारण एकाच शेतात मुरमाची खोली पुष्कळ बदलते.

४) मातीची फुगण्याची शक्ती तपासून घ्यावी. ही तपासणी साधी आहे. वाळवून कुटलेली व ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली १० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या एका मोजनळीत रॉकेलमध्ये व तेवढीच माती दुसऱ्या मोजनळीत शुद्ध पाण्यात टाकतात. ढवळून हवेचे बुडबुडे काढतात व २४ तासांनी तळाशी बसलेल्या मातीचे घनफळ पाहतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमध्ये १० मिलिलिटर व पाण्यात १८ मिलिलिटर भरली, तर मुक्त फुगवण निर्देशांक ८० टक्के झाला. हा निर्देशांक ५० च्या आत असल्यास फुगवण कमी, ५० ते १०० असल्यास मध्यम, १०० ते २०० असल्यास जास्त आणि २०० च्या वर असल्यास फार जास्त समजतात. स्थापत्य शाखा असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत ही चाचणी करून मिळू शकते. आपण पिकासाठी माती परीक्षण करतो, तसेच घरासाठी हे माती परीक्षण करावे.

पाया किती खोल घ्यावा?

पायाची खोली फुटात ठरवू नये, मुरूम कोठे लागतो त्यावर ठरवावी. साधारण नियम पुढीलप्रमाणे आहेत.

काळी माती १ ते १.५ मीटरपर्यंतच असेल तर पायाच्या चरातील सर्व काळी माती काढून टाकावी आणि पाया टणक मुरमात थोडा आत बसवावा. येथे दोन फुटांवर थांबणे म्हणजे थोडी खोदाई वाचवून सर्व घर धोक्यात घालणे होय.

काळी माती १.५ ते ३ मीटरच्या दरम्यान असेल तर सलग भिंतीचा पाया एवढा खोल नेणे खर्चाचे होते. अशा वेळी ठरावीक अंतरावर खड्डे घेऊन मुरमावर लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटचे खांब उभारावेत आणि जोत्याच्या पातळीवर तुळयांनी ते एकमेकांना जोडून त्यांवर भिंती घ्याव्यात.

काळी माती याहूनही खोल असेल, जशी ती पूर्णेच्या खोऱ्यात अनेक ठिकाणी असते, तर अंडर-रीम्ड पाईलचा पाया योग्य ठरतो. हा काँक्रीटचा खांब असतो व त्याच्या तळाजवळ कांद्यासारखा फुगवटा असतो. फुगवट्याचा व्यास सामान्यपणे खांबाच्या अडीचपट ठेवतात. खोल काळ्या जमिनीत तो किमान ३.५ मीटर खोल नेतात. तेथे ओलावा फारसा बदलत नाही, त्यामुळे फुगवटा खांबाला घट्ट धरून ठेवतो व वरची माती हलली तरी घर हलत नाही. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत आपल्या देशातील काळ्या जमिनीसाठी विकसित केली. त्यासाठी हाताने चालवायचे गिरमिटही मिळते.

या पद्धतीत एक काळजी अवश्य घ्यावी. खांबांवरून जाणारी तुळई जमिनीला टेकवू नये. तुळईच्या खाली किमान ८ सें.मी. मोकळी पोकळी ठेवावी. अन्यथा खालची माती फुगून तुळईलाच वर ढकलते आणि पाईलवर केलेला खर्च वाया जातो.

पाईल आणि खांबांचा आराखडा स्थापत्य अभियंत्याकडून करून घ्यावा. येथे गवंड्याच्या अनुभवावर विसंबू नये. आराखड्याची फी घराच्या एकूण खर्चात फार थोडी असते.

पाया खोदण्याची वेळही महत्त्वाची आहे. शेतात आपण वापसा पाहतो, तसा येथेही पाहावा. मे महिन्यात भेगाळलेल्या मातीवर किंवा भर पावसात चिखलात पाया भरू नये. पावसाळा संपून जमीन वापशावर आली की खोदाई करावी. चर उघडे ठेवून उन्हात तडकू देऊ नयेत व त्यांत पाणी साचू देऊ नये. खोदाई, काँक्रीट व जोते ही कामे सलग उरकावीत.

भराव कशाचा करावा?

बहुतेक घरांत चूक होते ती येथे. पायातून निघालेली काळी माती फुकट मिळते म्हणून तीच जोत्यात भरली जाते. पुढे तीच फुगून फरशी उचलते. म्हणून जोत्याच्या आतील वरची काळी माती शक्य तेवढी, निदान दोन-तीन फूट, काढून टाकावी आणि तेथे मुरूम भरावा. पायाच्या दोन्ही बाजूंच्या फटीही काळ्या मातीने न भरता मुरमानेच भराव्यात.

मुरूम १५ ते २० सें.मी. जाडीच्या थरांत पसरावा, प्रत्येक थरावर बेताचे पाणी मारावे व धुम्मसाने चांगला ठोकावा. मोकळा टाकलेला मुरूम नंतर बसतो व फरशी खचते.

निव्वळ वाळूचा जाड भराव काळ्या मातीवर करू नये. वाळूत पाणी सहज मुरते व साठून राहते आणि खालच्या काळ्या मातीला सतत ओल मिळत राहते. थोडी चिकटी असलेला, पण न फुगणारा मुरूम हाच चांगला. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी अशा न फुगणाऱ्या चिकट मातीच्या सुमारे एक मीटर थराने खालच्या काळ्या मातीची फुगवण आटोक्यात राहते हे दाखवून दिले. काळ्या जमिनीतून जाणाऱ्या कालव्यांच्या अस्तरीकरणात या पद्धतीचा उपयोग झाला.

भिंतीला पट्टे बांधावेत

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवतात, त्यामुळे चाक सुटे होत नाही. घरालाही अशाच सलग पट्ट्यांची गरज असते. जोत्याच्या पातळीवर, दारे-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली असे लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटचे सलग पट्टे सर्व भिंतींवरून फिरवावेत. कोपऱ्यात सळ्या तोडू नयेत, वळवून पुढच्या भिंतीत न्याव्यात. केवळ खिडकीपुरता तुकडा टाकल्याने हा उपयोग होत नाही. काळ्या जमिनीत जोत्याचा पट्टा पातळ न ठेवता वरखाली सळ्या असलेली पुरेशा खोलीची तुळई घ्यावी.

या पट्ट्यांचे दुसरेही काम आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात भूकंप झाला. किल्लारी व आसपासच्या गावांत हजारो माणसे दगावली. तेथील पुष्कळ घरे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची होती व धाब्यावर मातीचे जाड थर होते. भिंतीचे आतील व बाहेरील दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते, भिंतींना पट्टा नव्हता. भिंती फाकल्या आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. म्हणून पट्ट्यांवर होणारा खर्च केवळ तडे टाळण्यासाठी आहे असे समजू नये.

पाणी घरापासून दूर ठेवावे

काळ्या जमिनीतील घराची निगा म्हणजे मुख्यतः पाण्याची निगा. मातीतील ओलावा वर्षभर शक्यतो सारखा राहावा हे उद्दिष्ट ठेवावे.

१) घराभोवती दीड ते दोन मीटर रुंदीचा पक्का ओटा किंवा कोबा करावा. त्याला घरापासून बाहेरच्या बाजूस दर मीटरला ४ ते ५ सें.मी. उतार द्यावा. खाली मुरूम ठोकून घ्यावा. भिंत व कोबा यांच्यामधील फट दर वर्षी पावसाळ्यापूर्वी डांबराने बुजवावी.

२) पत्र्याच्या किंवा कौलांच्या पागोळ्या भिंतीलगत पडू देऊ नयेत. पन्हळ बसवून पाणी दूर न्यावे.

३) न्हाणीघर व मोरीचे पाणी भिंतीलगत सोडू नये. काळ्या मातीत शोषखड्डा नीट शोषतही नाही, उलट आसपासची माती फुगवतो. सांडपाणी पक्क्या नळीने किंवा पक्क्या गटाराने पाच-सहा मीटर दूर, उताराच्या बाजूस परसबागेला न्यावे. शौचालयाचा खड्डा घरापासून व पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासूनही दूर असावा.

४) नळाची गळती लगेच बंद करावी. नळ जोत्यातून जातो तेथे भोवती थोडी मोकळीक ठेवावी, म्हणजे भिंत हलली तरी नळ तुटत नाही.

५) उसाचा किंवा भाजीपाल्याचा पाट घराच्या भिंतीपासून दूर ठेवावा. घरालगतची जिराईत पट्टी बागायत करताना विचार करावा. बाग करायचीच असेल तर ठिबक वापरावे व घराच्या बाजूच्या काही ओळी सोडून द्याव्यात.

६) मोठी होणारी झाडे, विशेषतः निलगिरी, वड व पिंपळ, घराजवळ लावू नयेत. झाड पूर्ण वाढल्यावर जेवढे उंच होईल, निदान तेवढे अंतर ठेवावे. घराजवळचे जुने मोठे झाड मात्र एकदम तोडू नये. ते ओढत असलेले पाणी मातीत राहू लागते व आकसलेली माती फुगून घर उचलते. अशा झाडाच्या फांद्या टप्प्याटप्प्याने दोन-तीन वर्षांत कमी कराव्यात.

खारे पाणी असलेल्या भागात

अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांतील खारपाण पट्ट्यात व अन्यत्रही जेथे विहिरीचे पाणी खारे आहे, तेथे ते पाणी काँक्रीटला वापरू नये. पाण्यातील क्लोराईडमुळे सळ्या गंजतात, फुगतात व काँक्रीट फोडतात. सळ्यांच्या काँक्रीटसाठी पाण्यातील क्लोराईड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे असे भारतीय मानक आहे. पाणी तपासून घ्यावे व गरज असल्यास बांधकामापुरते गोडे पाणी टँकरने आणावे. काँक्रीटवर पाणी मारण्यासाठीही गोडेच पाणी वापरावे.

तयार घर विकत घेताना

तयार घर किंवा प्लॉट पाहताना रंग व फरशी शेवटी पाहावी. बैल घेताना आपण झूल काढून बैल पाहतो, तसे घर पाहावे.

घर शक्यतो दोनदा पाहावे. एकदा भर उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळा संपताना. दोनदा जमत नसेल तर उन्हाळ्यात पाहावे, कारण तडे त्या वेळी जास्त उघडतात. विक्रीपूर्वी फक्त एकाच भिंतीला नवा गिलावा किंवा रंग दिला असेल तर त्याचे कारण विचारावे. शेजारची चार घरे बाहेरून पाहावीत. सर्वच घरांना तिरपे तडे असतील तर माती कोणती आहे हे वेगळे विचारावे लागत नाही.

तडे ओळखण्यास शिकावे. गिलाव्यावर जाळीसारख्या बारीक रेघा असतील तर त्या गिलावा लवकर सुकल्याच्या असतात, त्यांची चिंता नको. स्लॅबच्या लगेच खाली आडवा तडा असेल तर तो बहुधा उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्याचा असतो. परंतु दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला, भिंतीच्या आरपार गेलेला तडा जमिनीच्या हालचालीचा असतो. असा तडा वर रुंद व खाली अरुंद असेल तर घराचे टोक खाली बसत आहे किंवा मध्यभाग वर येत आहे. खाली रुंद व वर अरुंद असेल तर मध्यभाग खाली बसत आहे.

पावसाळ्यात लाकडी दार घट्ट होते ते लाकूड फुगल्यामुळेही. म्हणून केवळ दारावरून निष्कर्ष काढू नये. एक दोरी घ्यावी. चौकटीचे दोन्ही तिरपे कर्ण मोजावेत. दोन्ही सारखे भरले तर चौकट जागेवर आहे. फरक दिसला तर भिंत सरकल्याची शंका घ्यावी. ओळंबा लावून कोपरे पाहावेत. फरशीवर गोटी ठेवून पाहावी. ती मोरीकडे गेली तर ठीक, चारही बाजूंना गेली तर मध्यभाग उचललेला आहे.

विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. पाया किती खोल आहे आणि तो मुरमापर्यंत गेला आहे काय? जोत्यात भराव कशाचा आहे? सांडपाणी कोठे जाते? बांधकामाचा आराखडा असल्यास मागावा. उत्तर मिळत नसेल तर भिंतीलगत लहानसा खड्डा घेऊन पाया पाहू द्यावा अशी अट घालावी. लाखोंच्या व्यवहारात तासाभराची खोदाई जास्त नाही.

मातीइतकेच कागदही पाहावेत. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. तो मालकीचा पुरावा नाही. शेतजमिनीतील प्लॉट असल्यास सातबारा, फेरफार व इतर हक्कातील बोजा पाहावा. गावठाणातील घर असल्यास मिळकत पत्रिका तयार झाली आहे काय ते पाहावे. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी करून अशा पत्रिका दिल्या जातात. बिनशेती व तुकडेबंदीचे नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत. म्हणून ऐकीव माहितीवर न जाता व्यवहाराच्या वेळी लागू असलेला नियम तहसील कार्यालयात विचारून घ्यावा व वकिलाकडून मागील तीस वर्षांचा शोध घ्यावा.

घराला तडे गेलेच असतील तर

घाबरून लगेच तडे बुजवू नयेत. मे महिन्यात रुंद झालेला तडा कडक सिमेंटने भरला, तर पावसाळ्यात माती फुगून तो मिटू पाहतो. मिटायला जागा नसल्याने भिंत दुसरीकडे फुटते. पुढील क्रमाने जावे.

१) तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करून त्यांतील अंतर दर महिन्याला तारखेसह लिहून ठेवावे. एक वर्षभर नोंद ठेवल्यास तडा ऋतूप्रमाणे उघडतो-मिटतो की सतत वाढतच जातो, हे कळते.

२) त्याच वर्षात पाण्याचा बंदोबस्त करावा. शोषखड्डा व पाट दूर न्यावा, गळती थांबवावी, घराभोवती कोबा करावा. बहुतेक ठिकाणी एवढ्यानेच हालचाल पुष्कळ कमी होते.

३) हालचाल कमी झाली की तडा व्ही आकारात कोरून भरावा. दोन्ही बाजूंस जाळी ठोकून त्यावर गिलावा करावा. मोठ्या तड्यावर आडव्या सळ्या घालून भिंत शिवून घ्यावी लागते.

४) तडा दर महिन्यास वाढतच असेल, भिंत ओळंब्याबाहेर गेली असेल किंवा स्लॅबला तडा असेल, तर त्या खोलीत झोपणे बंद करावे व ताबडतोब अभियंत्याला दाखवावे. पाया आधार देऊन खोल नेणे शक्य असते, पण ते काम जाणकारानेच करावे.

थोडक्यात

पिकासाठी काळी, घरासाठी मुरूम, ही निवड शक्य असेल तेथे करावी. शक्य नसेल तर पाया मुरमापर्यंत किंवा ओलावा न बदलणाऱ्या खोलीपर्यंत न्यावा. जोत्यात काळी माती भरू नये. सर्व भिंतींना सलग पट्टे द्यावेत. पाणी, पाट आणि मोठी झाडे घरापासून दूर ठेवावीत. तयार घर घेताना उन्हाळ्यात पाहावे, दोरी व ओळंबा बरोबर न्यावा.

पेरणीपूर्वी आपण जमिनीची पत पाहतो. पेरणी चुकली तर एक हंगाम जातो. घराचा पाया चुकला तर ती चूक मुलांनाही भोगावी लागते. म्हणून या उन्हाळ्यात ज्यांच्या घरी बांधकामाचा विचार चालू आहे, त्यांनी विटांचा भाव विचारण्यापूर्वी त्या जागेवर दोन खड्डे घ्यावेत आणि मुरूम किती खोलीवर लागतो ते आपल्या डोळ्यांनी पाहावे.